एक राखून

सगुणाबाई कोळपेनं जन्मात कधी मेंढरं मोजली नाहीत. तिन्हीसांजेला कळप माळावरून उतरला की ती वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी राहायची. मेंढरं तिच्या लुगड्याला घासत आत जायची आणि ती नुसती बघायची. शेवटचं जनावर आत गेलं की म्हणायची, "चांद्रीचं कोकरू मागं ऱ्हायलं." मग तिचा मुलगा मल्हारी परत माळ चढायचा आणि कोकरू कुठंतरी घाणेरीच्या जाळीत अडकलेलं सापडायचं. तिची नजर कधी चुकली नाही. पण किती आहेत म्हणून कुणी विचारलं, तर दीडशेच्या कळपाकडं हात करून ती सांगायची, "हायती की पाच-धा."

मोजलं की नजर लागते, असं कोळपेवस्तीवर सगळेच मानत. कुणी फारच खोदून विचारलं तर आकडा एक कमी सांगायचा. मेंढरांचाही आणि पोरांचाही. ते एक आपल्या जवळ राखून ठेवायचं. सगुणाबाई मात्र हे नुसतं मानत नव्हती, तिनं ते भोगलं होतं. ऐन पंचविशीत असताना लोकर घ्यायला आलेल्या एका माणसानं तिला सहज विचारलं, "किती लेकरं?" आणि कडेवरचं सावरत ती तोऱ्यात म्हणाली, "चार." पुढच्या शिमग्याला दोन उरली. गोवर आला होता, सगळ्या वस्तीवर आला होता, हे तिलाही माहीत होतं. तरीपण तो आकडा आपल्या तोंडातून गेला, हे काही तिच्या मनातून गेलं नाही.

पुढं पोलिओचा डोस पाजणाऱ्या बाया यायला लागल्या. त्या दारावर खडूनं पोरांचा आकडा लिहून जात. त्यांची पाठ वळली की सगुणाबाई शेणाचा हात घेऊन तो आकडा सारवून टाकायची. "आज्जे, अगं ते सरकारचं हाय," नात म्हणायची. "आसंना का. दार माजं हाय."

कोळपेवस्ती राहू गावाच्या वरच्या अंगाला, कालव्याचं पाणी चढत नाही तिथल्या माळावर. पंचवीस-तीस घरं, सगळी धनगरांची. खाली नजर जाईल तिथवर ऊस आणि वर कुसळं. दिवाळी सरली की अर्धी वस्ती मेंढरं घेऊन बाहेर पडायची. या चालत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. वाडा भीमा ओलांडून पाबळच्या अंगानं वर सरकायचा, मग घाट उतरून कोकणात, आणि आषाढाच्या तोंडाला माघारी. पोरंही वाड्याबरोबर जायची. शाळा होती, नव्हती असं नाही. एक खोली, पुढं ओसरी, आणि चार वर्गांना मिळून एकटे चांगदेव गुरुजी. गुरुजी राहूचेच, माणूस सरळ. पण त्यांना आज मीटिंग, उद्या मतदारयाद्या, परवा जनावरांची गणती. गुरुजी नसले की दाराला कुलूप, आणि पोरं आपोआप मेंढरांमागं.

पंच्याण्णव साली शाळेला दुसरी शिक्षिका मिळाली. प्रतिभाबाई. केडगावहून एसटीनं राहूपर्यंत यायच्या आणि तिथून माळ चढून चालत. वस्तीवरच्या बायकांनी पैजा लावल्या होत्या की ही गोरटेली बाई उन्हाळ्यापर्यंत टिकायची नाही. बाई टिकल्या. गुरुजी असोत नसोत, साडेदहाला शाळेचं दार उघडायचं. दुसऱ्याच वर्षी दिवाळीनंतर वाडा हलला, तेव्हा बरीच पोरं म्हाताऱ्यांजवळ मागं राहिली.

त्यात सगुणाबाईची नात धनश्री होती. धनश्री सात वर्षांची होईतो परक्या माणसासमोर तोंड उघडत नसे. मुकी नव्हती. घरात कोकरांशी बोलायची, आजीशी बोलायची. पण चार माणसं दिसली की ओठ शिवल्यासारखे. वस्तीवर तिला मुकी म्हणायलाही लागले होते. प्रतिभाबाई रोज सकाळी हजेरी घ्यायच्या. आकड्यानं नाही, नावानं. धनश्रीचं नाव आलं की ती नुसती उभी राहायची. बाई पेन तसंच धरून थांबायच्या. पोरं फिदीफिदी हसायची, कुणी म्हणायचं, "बाई, ती बोलत न्हाई, म्होरं चला." बाई म्हणायच्या, "आपल्याला कुठं जायचंय?" थोडा वेळ थांबून हसून पुढचं नाव घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

हे तीन महिने चाललं. एके सकाळी सगुणाबाई शाळेमागं शेण गोळा करत होती. आत हजेरी चालली होती. "धनश्री मल्हारी कोळपे." मग नेहमीची शांतता. आणि मग बारीक, पण स्पष्ट, "हजर बाई." सगुणाबाईनं पाटी खाली ठेवली आणि तिथंच मटकन बसली. त्या दिवशी शेण तिथंच राहिलं.

मल्हारी लेकीवर जीव टाकणारा, पण हिशेबी माणूस होता. वाड्यावर हात कमी पडत. तो आईला म्हणाला होता, "बाई हायेत तवर ऱ्हाऊ दे पोरीला तुज्याजवळ. शाळेला पुन्ना कुलूप लागलं, तर माजी पोरगी वाड्याबरुबर. मग तू मधी बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलायची," सगुणाबाई म्हणाली होती.

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात एक दिवस धनश्री शाळेतून निरोप घेऊन आली. "आज्जे, उद्या सायेब येणार हाय, पोरं मोजाया. बाईंनी सांगितलंय, समद्यांनी शाळेत या."

सगुणाबाईनं तेवढंच ऐकलं, पोरं मोजायला. त्या मोजणीवर काय टांगलेलं आहे, ते तिला कुणी सांगितलं नाही. बाईंनाही वाटलं नसेल सांगावं. त्यांच्या हजेरीपटावर त्रेचाळीस नावं होती, सगळी खरी. भिण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी हापशावर बायका जमल्या. वयानं थोर सगुणाबाई. तिनं हंडा भरता भरता सांगितलं, "उद्या सायेब येतोय पोरं मोजाया. साळंत बसल्याली दिसत्यातच, त्यास्नी काय झाकायचं? पर जे रानात आसंल ते एक राखा गं बायांनो."

"आन् नावानिशी इचारलं तर?" बयाबाईनं विचारलं. बयाबाई शेजारघरची, तोंडाची फटकळ.

"तर म्हन, पावनं हुतं, गेलं."

बायका हसल्या. हंडे डोक्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे बाप्ये नर विकायला बाजाराला गेले होते. त्यामुळं सात घरची सात मोठी पोरं मेंढरांमागं होती. त्यात धनश्रीचा भाऊ पप्पूही. चांगदेव गुरुजींना त्याच दिवशी केडगावला मीटिंग. शाळेत बाई एकट्या आणि समोर छत्तीस पोरं, केस चापून बसलेली.

शिक्षण खात्याचे साहेब मोटारसायकलवरून आले. पोरं मोजली. पटावर त्रेचाळीस, समोर छत्तीस. "उरलेली सात?"

"मेंढरांमागं आहेत, सर. एरवी येतात."

"बघू या की," साहेब म्हणाले. बोलण्यात राग नव्हता. अशा शाळांत कागदावरची पोरं त्यांनी फार पाहिली असावीत. हजेरीपट काखेत मारून ते निघाले, मागून बाई.

पहिलं घर सगुणाबाईचं. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आजी, शाळेच्या वयाची पोरं किती घरात?"

"एक. धनश्री."

"आणि हा पप्पू मल्हारी कोळपे?"

"कोन पप्पू?" सगुणाबाई म्हणाली.

बाईंनी चमकून तिच्याकडं पाहिलं. "आजी, असं काय करता? पप्पू. चौथीतला."

"त्यो पावना हुता. गेला त्याच्या गावाला."

साहेबांनी पेन काढलं. सगुणाबाईला बाईंचा चेहरा पडलेला दिसला, पण तिला वाटलं, बाई शिकलेल्या, त्यांना कशाला पटेल हे. नंतर समजावून सांगता येईल. साहेब पुढच्या दारी गेले. तिथंही एक कमी. त्याच्या पुढच्या दारी बयाबाई तर साहेबांच्या अंगावरच आली, "दोनच हायती, काय खोटं बोलत्ये व्हय मी? का अजून दोन पैदा करू तुमच्या वहीसाठी?" सात दारं झाली. सातही घरांनी आपलं एकेक राखलं.

साहेब वळून म्हणाले, "काय हो बाई, ही सात पोरं तुमच्या कागदावरच चरतात वाटतं."

प्रतिभाबाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. साहेबांनी सातही नावांवर लाल रेघ मारली, खाली बाईंची सही घेतली आणि मोटारसायकल सुरू केली.

दिवस कलताना मेंढरं उतरली, बाजारातून माणसंही आली. आणि मीटिंग आटोपून चांगदेव गुरुजी माळ चढून थेट सगुणाबाईच्या दारात आले. राहूच्या फाट्यावर बाईंची आणि त्यांची गाठ पडली होती. ते खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सगुणाबाई, काय केलंत हे?"

"काय केलं? पोरं राखली."

गुरुजींनी मग सांगितलं. चाळीसाच्या वर एक जरी पोर असलं, तरी शाळेला दुसरा शिक्षक. चाळीस किंवा त्याच्या आत असली, तर एकच. छत्तीसाला बाई जास्तीच्या ठरतात. जास्तीचा माणूस उचलून दुसऱ्या शाळेत टाकतात. "मी असतो तर म्हणालो असतो, साहेब, या लोकांना आकडा विचारू नका, माळावर जाऊन पोरं बघा. पण मीच तिकडं मीटिंगला. पोरं कशी मोजायची, हेच सांगत होते तिथं."

मल्हारी वाघरीची खुंटी ठोकत होता, तो ठोकायचा थांबला. आईकडं बघितलं, बोलला काहीच नाही. पुन्हा खुंटी ठोकायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं ती पुढं कितीदा म्हणायची.

दसऱ्याच्या आधी हुकूम आला. प्रतिभाबाई अतिरिक्त, नेमणूक शिरूर तालुक्यात, पाबळच्या बाजूच्या एका शाळेवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिकडं हजर व्हायचं.

सगुणाबाईनं बयाबाईला बरोबर घेतलं, ती सात पोरं घेतली आणि एसटीनं दौंड गाठलं. पंचायत समितीच्या आवारात कडुलिंबाखाली पोरांना ओळीनं उभं केलं आणि शिक्षण खात्याच्या खोलीत जाऊन तिथल्या कारकुनाला बाहेर ओढून आणल्यासारखं आणलं. सावळाराम त्याचं नाव. मऊ स्वभावाचा माणूस होता.

"ही बगा पोरं. सायबानं रेघ मारल्याली."

"आजी, मी काय करू याचं?"

"मोजा."

"मी मोजून काय—"

"मग म्या मोजते," सगुणाबाई म्हणाली.

बयाबाईनं तिचा दंड धरला. "सगुणे, नगं. दुसऱ्याला मोजू दे."

सगुणाबाईनं दंड सोडवून घेतला. ती पप्पूसमोर गेली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला. "एक." पुढच्या डोक्यावर हात. "दोन." प्रत्येक डोक्यावर हात ठेवून ती थांबत होती, जणू हात उचलला तर पोर जागेवरून नाहीसं होईल. चौथ्याला तिचा आवाज फाटला. चार हा आकडा तिनं तीसेक वर्षांत उच्चारला नव्हता. तरी ती पुढं सरकली. सातव्यापाशी पोचली तेव्हा घामानं निथळत होती.

सावळाराम मग म्हणाला, "आजी, पोरं खरी आहेत. मला दिसतायत. पण आकडा तीस सप्टेंबरचा धरतात. तारीख गेली. आता पुढच्या सप्टेंबरला."

"चुकल्यालं मेंढरू दुसऱ्या दिशी घावलं, तर त्याला कळपात घ्यायचं न्हाई व्हय?"

त्यानं पोरांना समोरच्या टपरीवर चहा-बिस्कीट खाऊ घातलं आणि अर्ज लिहून दिला. सगुणाबाईनं अंगठा उठवला. अर्ज कुठं गेला ते कुणाला कळलं नाही.

सुट्टी लागायच्या दिवशी प्रतिभाबाई शेवटच्या आल्या. बायकांनी त्यांची ओटी भरली. सगुणाबाई मागं मागं राहिली होती. सगळ्या पांगल्यावर पुढं झाली.

"बाई, म्याच सांगितलं हुतं बायकास्नी. एक राखा म्हनून."

"मला कळलं नंतर, आजी."

"तुमास्नी बोल लागला. माज्यापायी."

"मीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं येतेय इथं, आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं." मग धनश्रीला जवळ घेऊन म्हणाल्या, "कुणी नाव घेतलं की काय म्हणायचं?" धनश्री म्हणाली, "हजर बाई." बाई उतरायला लागल्या. फाट्यापर्यंत त्यांची छत्री दिसत होती.

गुरुजी एकटे उरले. भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी वाडा हलला. सगुणाबाई मधे बोलली नाही. शब्द दिला होता. फक्त मल्हारीला म्हणाली, "पाबळच्या अंगानं जाशील, तवा पोरीला त्या साळंवरनं ने. बाईस्नी भेटूंदे एकडाव."

मल्हारीनं नेलं. आषाढात वाडा परत आला, तेव्हा सुनेनं सांगितलं. मेंढरं दुसऱ्याच्या रानात थांबवून ती दोघं बापलेक शाळेपाशी गेली होती. दिवाळीची सुट्टी सरायची होती अजून, दाराला कुलूप. धनश्री खिडकीच्या गजाला धरून आत बघत उभी राहिली. मग वाटेला लागली. तिथून पुढं ती कोकरांशी बोलली, आईशी बोलली, पण रस्त्यात कुणी नाव विचारलं तर उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी शाळेला किती दिवस कुलूप होतं ते कुणी मोजलं नाही. ज्यांनी पोरं मागं ठेवली होती, त्यांनीही ती वाड्यावर बोलावून घेतली. आषाढात माघारी आलेली पोरं पुन्हा शाळेत बसायला तयार होईनात. गुरुजी दारोदार फिरले, काही पोरं आली, बाकी नावं गेली ती गेलीच. बयाबाईची मोठी नात तर लग्न होऊन सासरीही गेली होती.

पुढच्या सप्टेंबरात साहेब आले. तेच. या वेळी सगुणाबाई सकाळपासून दारात बसून होती. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दोन. पप्पू आन् धनश्री. काय बी राखल्यालं न्हाई."

साहेब हसले. पट चाळला. "पप्पूचं नाव गेल्या वर्षीच कापलं, आजी, आणि वयही चौथीच्या पुढं गेलं. तो आता यात येत नाही. आणि धनश्री? वर्षभर गैरहजर. नाव कमी झालंय."

"हाय की! हाय ती. थांबा सायेब, हाक मारते."

ती माळाच्या कडेला गेली आणि हाक मारली. लांबून धनश्री धावत आली. हातात काठी, केसांत कुसळं. साहेब वाकून म्हणाले, "काय नाव बाळा तुझं?"

धनश्री उभी राहिली.

सगुणाबाई साहेबांच्या पेनाकडं बघत होती. बाई पेन असंच धरून थांबायच्या. "दमानं घ्या सायेब," ती म्हणाली, "बोलती ती. जरा थांबाया लागतं."

साहेब थांबलेही, नाही असं नाही. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. अजून दोन शाळा करायच्या होत्या. वही मिटली.

"किती झाली समदी?" सगुणाबाईनं विचारलं.

"एकोणतीस."

ती त्यांच्याजवळ सरकली. हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "सायेब, तुमीबी एक राखून सांगताय न्हवं?"

साहेबांना ते कळलं नाही. मोटारसायकल माळ उतरून गेली. धनश्री अजून तशीच उभी होती, काठी टेकून. धूळ खाली बसल्यावर तिचे ओठ हलल्यासारखे सगुणाबाईला वाटले. ती थांबून राहिली. वर माळावर मेंढरं पांगायला लागली होती, कुणीतरी तिकडून पोरीला हाका मारत होतं.